नदी शेजारी, टँकर दारी!

पुनावळ्यात फ्लॅट घेतलाय? मग आपल्या शेजारणीची, पवनेची, ओळख करून घ्याच.

पुनावळ्यात राहते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे पुण्यातच ना?’ नाही हो! आपलं शहर पिंपरी-चिंचवड. २०११च्या जनगणनेत सव्वासतरा लाख वस्तीचं, स्वतःची महापालिका आणि स्वतःची नदी असलेलं. हायवेने रावेतकडे जाताना पुलाखाली दिसते, तीच ही पवना.

मावळच्या डोंगरात उगम, दापोडीला मुळेशी संगम. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी तिच्या काठावरच. धरणातून जास्त पाणी सोडलं की देवळात पूर शिरतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को. ‘पोरगा कंपनीत लागला’ की लग्न जमलंच समजा! १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका झाली. पुनावळं हद्दीत आलं १९९७ मध्ये.

आता आपल्या नळाची गोष्ट. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून ते उचलून निगडीला शुद्ध करतात. म्हणजे बंधारा आपल्या अगदी शेजारी. तरी नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी देणं सुरू झालं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगनंतरचा हॉट टॉपिक एकच, टँकरचं बिल.

यावर उपाय म्हणून धरणापासून थेट बंद पाइपलाइन टाकायचं ठरलं. पण नदीवर मोटर लावून शेती भिजवणाऱ्या मावळातल्या गावांना भीती वाटली, की पाणी पाइपात गेलं तर नदीत काय उरणार? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्स्प्रेस-वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. कामाला स्थगिती मिळाली. ती उठली थेट २०२३ मध्ये.

लोणावळ्याच्या वीकेंडला आपण त्याच एक्स्प्रेस-वेवरून गाणी लावून जातो. मला वाटतं, सकाळी शॉवर सुरू करताना एवढं तरी माहीत असावं, की या पाण्यावर आपल्याआधी कुणाचं तरी शेत उभं आहे. बादलीने अंघोळ केली तर स्टेटस काही कमी होत नाही, राव!