अंश, छेद आणि बार्शी

२ एप्रिल २००९ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक शोधनिबंध आला. वैद्यकाच्या जगात या साप्ताहिकाचा दरारा मोठा. त्या निबंधाच्या लेखकांचे पत्ते वाचत गेलं की फ्रान्समधलं लिऑन लागतं, मग मुंबई लागते, आणि मग लागते बार्शी. जिल्हा सोलापूर. भगवंताचं देऊळ, भुसार बाजार आणि एके काळची लाइट रेल्वे यांच्यासाठी ओळखलं जाणारं तालुक्याचं गाव. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने बायका मरतात ते टाळण्यासाठी आयुष्यात एकदाच तपासणी करायची झाली, तर कोणती करावी? जगभर घोळत असलेल्या या प्रश्नाचं उत्तर बार्शीतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या माणसांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं पालथी घालून आणलं होतं.

हे रुग्णालय म्हणजे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. अभिनेत्री नर्गिस ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेल्या. उपचारांसाठी त्यांना न्यूयॉर्कला नेलं होतं. मराठवाड्याच्या वेशीवरच्या शेतकऱ्याला तेव्हा मुंबईचं टाटा कॅन्सर रुग्णालयसुद्धा न्यूयॉर्कइतकंच लांब. अश्विनी ग्रामीण कॅन्सर संशोधन संस्थेने डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने बार्शीत हे रुग्णालय उभं केलं आणि त्याला नर्गिस यांचं नाव मिळालं. संस्थेच्या नावातला ‘संशोधन’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुष्कळ संस्थांच्या नावात तो नुसता शोभेला असतो.

धर्मादाय दवाखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोनशिला येते. खाटेवर, पंख्यावर, पाण्याच्या टाकीवर, स्ट्रेचरच्या दांडीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं असतं. याची थट्टा करण्याचं मला कारण दिसत नाही. नाव रंगवलेलं स्ट्रेचरही माणसाला वॉर्डापर्यंत पोचवतंच. कायद्यालाही या दानाची दखल घ्यावी लागली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातलं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना, यांमुळे राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर प्रत्येक बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात टाकावी लागते. बिल भरणाऱ्याच्या हे गावीही नसतं, पण त्याच्या पैशातून शेजारच्या खाटेवरच्या माणसाची सोय होत असते. रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला गाठायचं, एवढं ज्या घराला ठाऊक असतं त्याचं कर्ज वाचतं. बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

पण खाटा, बिलं आणि निधी हा सगळा हिशेब दारात आलेल्या माणसांचा झाला. शाळेतल्या अपूर्णांकांच्या भाषेत सांगायचं तर हा फक्त अंश आहे. ओपीडीत वर्षाला इतक्या बायका पिशवीच्या कॅन्सरच्या आल्या, हे रुग्णालय सांगू शकतं. पण कितींमधून इतक्या आल्या? किती जणी आल्याच नाहीत? किती जणी अंगावरून जातंय म्हणून देवऋष्याकडे गेल्या, आणि किती जणी पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तरी कुणाला न सांगता घरातच संपल्या? छेद माहीत नसेल तर अंशाला काही अर्थ नाही. शंभर रुग्ण आले ही वाईट बातमी असते, तशी पूर्वी दडून राहणारे आता बाहेर येऊ लागले ही चांगली बातमीही असू शकते.

१९८७ मध्ये बार्शीत हा छेद मोजायला सुरुवात झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं घेऊन कॅन्सरची नोंदवही उघडली गेली. देशात अशा नोंदवह्या आधीही होत्या, पण मोठ्या शहरांत. ग्रामीण भागातली ही पहिली. शहरात नोंदणी सोपी असते. मोजकी रुग्णालयं, त्यांच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, महापालिकेचे मृत्यूचे दाखले. कारकुनाने टेबलांवरून फिरायचं आणि नावं उतरवून घ्यायची. खेड्यात टेबलच नाही. निदान झालेलं नसतं, मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलेलं नसतं, असलंच तर ‘म्हातारपण’. म्हणून बार्शीच्या माणसांनी उलटी वाट धरली. पुन्हा पुन्हा गावोगाव जायचं, सरपंच, शिक्षक, दाई, दुकानदार यांच्याशी ओळख ठेवायची, लोकांना लक्षणं समजावून सांगायची, कुणाला बरी न होणारी जखम, गाठ किंवा अवेळी रक्तस्राव आहे का ते विचारायचं आणि संशय वाटला तर तपासणीला आणायचं.

इथे एक गंमत झाली. नोंदणी करणाऱ्याने जगाला हात लावायचा नसतो, नुसतं मोजायचं असतं. पण ही माणसं बोलत होती, म्हणून मोजणीनेच मोजायची गोष्ट बदलली. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लिहिलं, की या भागातल्या बायका आता गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. आजार तोच, शेक देणारं यंत्रही तेच, फरक फक्त लवकर येण्याचा. आणि हा फरक कोणत्याही वास्तूवर नाव कोरून मिळालेला नव्हता. त्यामागे एसटीचं भाडं होतं, जीपचं डिझेल होतं आणि ओसरीवर बसून बोलणाऱ्या माणसाचा पगार होता.

गावं ओळखीची, छेद हाती, त्यामुळे पुढची मोठी उडी इथे शक्य झाली. १९९९ मध्ये लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शी यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात चाचणी सुरू केली. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा, म्हणजे तोही दानाचाच. गावांचे ५२ समूह पाडले. त्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. कोणत्या समूहाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसं नशिबावर सोडलं, आणि त्यातून चार गट झाले. एका गटात गर्भाशयमुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. दुसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे घरगुती व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. तिसऱ्यात ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्या एचपीव्हीचाच शोध घ्यायचा. चौथ्या गटाला माहिती द्यायची, तपासणी कुठे होते ते सांगायचं, पण तपासणी करायची नाही. एचपीव्ही गटात दर पाचांतल्या जवळपास चौघी तपासणीला आल्या. ज्या बाईने आयुष्यात कुणा डॉक्टरला तिथे हात लावू दिलेला नाही, ती गावातल्या शिबिराला येऊन तपासून घेते, हे मला त्या साऱ्या संशोधनातलं सगळ्यात अवघड काम वाटतं.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे आकडे सावकाश वाचावेत असे आहेत. एचपीव्ही गटात १२७ जणींना कॅन्सर निघाला, तपासणी न झालेल्या गटात ११८ जणींना. म्हणजे जवळपास सारखेच? मग उपयोग काय झाला? पुढची ओळ वाचा. त्या १२७ पैकी दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातल्या फक्त ३९ होत्या. ११८ पैकी ८२. मृत्यू एचपीव्ही गटात ३४, तपासणी न झालेल्या गटात ६४. एका तपासणीने मरणाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. काचपट्टीच्या आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही. व्हिनेगर म्हणून टाकाऊ ठरत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या माणसांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण जिथे बाई एकदाच हाती लागणार आहे, तिथे पेशी बिघडण्याची वाट न बघता विषाणूलाच गाठलेलं बरं. हा विषाणू आणि कॅन्सर यांचं नातं दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं, आणि त्यानंतर काही महिन्यांतच बार्शीचा निबंध आला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच पसंती दिली.

त्या ६४ मृत्यूंवर मात्र अडखळायला होतं. तपासणीचा उपयोग होतो हे जगात माहीत असताना एका गटाला ती द्यायचीच नाही, हे बरोबर का? असा आक्षेप पुढे जाहीरपणे घेतला गेला. संशोधकांचं म्हणणं असं, की त्या काळी त्या गावांत कसलीच तपासणी होत नव्हती, म्हणजे त्या बायकांचं काही काढून घेतलेलं नाही. दोन्ही बाजू वाचून माझं मन पूर्ण कुठेच टेकलेलं नाही. दानाच्या पैशाने केलेल्या विज्ञानालाही हा प्रश्न विचारायला हवा, तो दान आहे म्हणून माफ होत नाही.

बार्शीची गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी पुष्कळ होतं. २००९ मध्ये एचपीव्हीच्या लसीचा देशव्यापी अभ्यास सुरू झाला, त्यातही बार्शी एक केंद्र होतं. १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींना तीनऐवजी दोन डोस पुरतील का, एवढाच प्रश्न होता. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून उठलेल्या वादात सरकारने अशा अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. सुया थांबल्या तेव्हा सुमारे पाच हजार मुलींचा एकच डोस झालेला होता. अभ्यास मोडला असं कुणीही म्हटलं असतं. पण वही मिटली नाही. विषाणू तपासण्यासाठी नमुना घ्यायचा तो मुलीच्या लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, असं ठरलेलं होतं. म्हणजे माहेरच्या पत्त्यावर नोंदलेली मुलगी सासरी कुठे नांदते आहे ते शोधून काढायचं, तिची आणि घरच्यांची समजूत घालायची. हे काम पुन्हा गावं फिरणाऱ्यांचंच.

दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले. विषाणूच्या १६ आणि १८ या दोन सर्वांत घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून तीन डोसांनी ९३.३ टक्के संरक्षण दिलं होतं, दोनांनी ९३.१ टक्के आणि एकाने ९५.४ टक्के. असेच निष्कर्ष आफ्रिकेतूनही आले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असं म्हटलं. गरीब देशांना याचा अर्थ सांगावा लागत नाही: तेवढ्याच कुप्यांत आता दुप्पट मुली.