एका खिडकीला साहेब हवा?

बँकेत होतो तेव्हा एका कारखान्याच्या आवारात आमच्या शाखेचा विस्तार कक्ष होता. एक खिडकी, एक कॅशिअर. तिथे शाखाधिकारी कशाला, असे सगळेच म्हणत. पण संध्याकाळी रोकड जुळवून दिवस बंद कोणी करायचा, हा प्रश्न रोज उभा राहायचा.

संगणकाच्या दुनियेतही हाच वाद आहे. लिनक्स सुरू झाली की जो प्रोग्रॅम सर्वांत आधी जागा होतो, त्याला क्रमांक मिळतो एक. तो घरचा कर्ता. इतरांना कामाला लावणे, पोरक्या झालेल्या प्रोसेसना पदरात घेणे, संपलेल्यांची नावे वहीतून काढणे ही त्याची कामे. २०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी आणलेला 'सिस्टिमडी' आज बहुतेक मोठ्या लिनक्स वितरणांत हे कर्तेपण सांभाळतो.

२०१३ साली डॉकर आले आणि कंटेनर घरोघरी झाले. कंटेनर म्हणजे विस्तार कक्षच. कारभार स्वतंत्र, पण गाभा, म्हणजे कर्नल, मुख्य संगणकाचा. रिवाज असा की एका कक्षात एकच काम. त्यामुळे कॅशिअरच तिथला क्रमांक एक होतो, आणि कर्तेपण त्याला कोणी शिवकवलेले नसते. संपलेल्या प्रोसेसची नावे वहीत तशीच साचतात. त्यांना 'झॉम्बी' म्हणतात. डॉकर बंद होण्याचा निरोप धाडते, तोही क्रमांक एकने ऐकायची तजवीज केली नसेल तर वाया जातो. दहा सेकंद वाट पाहून डॉकर त्याला सक्तीने संपवते. अर्धे लिहिलेले काम अर्धेच राहते.

मग आत सिस्टिमडीच बसवावा? या साहेबांच्या मागण्या बऱ्याच: स्वतःचा हिशेबाचा कप्पा, कामापुरती तात्पुरती जागा, बंद होण्यासाठी निराळाच इशारा. ते पुरवताना अनेकांनी कंटेनरला सर्वाधिकार दिले, म्हणजे मुख्य शाखेच्या तिजोरीच्या किल्ल्याच! पुढे पॉडमनने ही बडदास्त आपोआप आणि बेताने ठेवली. डॉकरनेही २०१७ पासून 'टिनी' नावाचा चिमुकला कारभारी जोडीला देण्याची सोय केली.

काम एकच असेल तर टिनी पुरे. एकाच कक्षात चार सेवा नांदणार असतील तर सिस्टिमडी आणावा. खिडकी कितीही लहान असो, दिवस मिटवणारे कोणीतरी लागतेच.