बायोगॅसचा खरा सावकार

ऑस्ट्रेलियात बायोगॅस किंवा बायोमासचा प्रकल्प उभारायचा म्हटले की पैशासाठी आधी दोन सरकारी दारे ठोठावली जातात. 'अरेना' ही संस्था अनुदान देते, तर 'सीईएफसी' कर्ज आणि भागभांडवल पुरवते. दोन्ही २०१२ मध्ये उभ्या राहिल्या आणि दुसरीच्या पाठीशी सुरुवातीलाच १० अब्ज डॉलरची तरतूद होती. तरीही या देशात असे प्रकल्प तुरळकच दिसतात, याचे कारण भांडवलाच्या टंचाईत शोधण्यात अर्थ नाही. टाकी एकदाच बांधावी लागते, पण तिला रोज कच्चा माल लागतो आणि तिच्या गॅसला रोज गिऱ्हाईक लागते. या दोन गोष्टींची हमी असली तर कर्ज मिळते. ती नसेल तर अनुदान फार तर उद्घाटनापर्यंत पोचवते.

जे प्रकल्प टिकले त्यांचा हिशेब पाहावा. पर्थजवळ जांडाकोट येथे रिचग्रो ही बागकामाची माती आणि खत बनवणारी कंपनी आहे. सीईएफसीने तिच्या बायोगॅस प्रकल्पाला सुमारे २२ लाख डॉलरचे कर्ज दिले. वीज आणि उष्णता कारखान्यातच वापरता येते, उरलेला चोथा तिच्याच खतात जातो, आणि बाहेरचा ओला कचरा स्वीकारण्याची फी मिळते ती वेगळीच. मेलबर्नच्या उत्तरेला वोलर्ट येथे यारा व्हॅली वॉटरने २०१७ साली सुरू केलेला प्रकल्प वर्षाला सुमारे ३३,००० टन अन्नकचरा पचवू शकतो आणि शेजारच्या सांडपाणी केंद्राला वीज देतो. दोन्हीकडे गॅसइतकीच कचऱ्याचीही कमाई आहे.

ही कमाई ठरते राज्य सरकारच्या कचराभूमी करावरून. व्हिक्टोरियाने शहरी भागातला हा कर २०२१ पूर्वीच्या टनामागे सुमारे ६६ डॉलरवरून २०२२ मध्ये सुमारे १२६ डॉलरवर नेला. कचरा पुरणे महाग झाले की तो टाकीत घालणे आपोआप परवडू लागते, म्हणून माझ्या मते खरा सावकार हाच. यावर आक्षेप असा की कर वाढवला की कचरा पळतो. आक्षेप खोटा नाही. क्वीन्सलँडने २०१२ मध्ये आपला कर रद्द केला आणि न्यू साउथ वेल्सचे कचऱ्याचे ट्रक सीमा ओलांडू लागले. अखेर जुलै २०१९ मध्ये टनामागे ७५ डॉलरचा कर पुन्हा आला. यातून दिसते ते इतकेच, की शेजारी राज्यांनी दर एकमेकांशी जुळते ठेवायला हवेत.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. दुपारी सौर वीज कवडीमोल होत असताना कचऱ्यापासून वीज कशाला? विजेपुरते हे मान्यच करावे लागेल. म्हणूनच सिडनीच्या मलबार सांडपाणी केंद्रातला गॅस शुद्ध करून २०२३ पासून थेट गॅसवाहिनीत सोडला जातो. अरेनाने जेमेना या गॅसवाहिनी कंपनीच्या या प्रकल्पाला ५९ लाख डॉलर दिले. इथे अनुदान योग्य जागी पडले, कारण देशात हे काम पहिल्यांदाच होत होते. आता गरज आहे ती गॅसच्या दीर्घ मुदतीच्या खरेदी कराराची.

केवळ अक्षय ऊर्जेच्या प्रमाणपत्रांच्या बाजारावर विसंबणे किती महागात पडते ते उत्तर न्यू साउथ वेल्समधल्या ऊस पट्ट्याने पाहिले आहे. काँडाँग आणि ब्रॉडवॉटर या सहकारी साखर कारखान्यांलगत प्रत्येकी ३० मेगावॅटचे बगॅसवर चालणारे वीजप्रकल्प उभे राहिले. त्याच सुमारास छपरांवरच्या सौर यंत्रणांची प्रमाणपत्रे बाजारात लोटली, भाव घसरले आणि प्रकल्प काही वर्षांतच अडचणीत येऊन नव्या मालकांकडे गेले. हंगाम संपल्यावर बॉयलरला लाकडाचा भुसा लागतो, त्यालाही नियमांची टांगती तलवार आहे: नैसर्गिक जंगलातल्या लाकडाच्या भुशाला अक्षय ऊर्जेची सवलत २०११ मध्ये नाकारली, २०१५ मध्ये दिली आणि २०२२ मध्ये पुन्हा काढली. अशा धोरणावर पंधरा वर्षांचे कर्ज कोणती बँक देईल?

भारताने २०१८ च्या 'सतत' योजनेत तेल कंपन्यांकरवी किलोमागे ४६ रुपयांनी बायोगॅसची खरेदी जाहीर करून निदान गिऱ्हाईकापासून सुरुवात केली, कच्च्या मालाची घडी मात्र बसवायची राहिली. तेव्हा आपल्या कारखान्याच्या किंवा नगरपालिकेच्या सभेत असा प्रस्ताव आला, तर अनुदानाचा आकडा नंतर पाहा. आधी कचऱ्याचा करार आणि गॅसचा करार मागा.