परातीतली चिंच

रस्ता रुंद करायला माणसे आली आणि आमच्या बांधावरची चिंच गेली. ते साल २०१७. झाड आजेसासऱ्यांच्या हातचे. तिच्या सावलीत किती भाकरी सुटल्या, किती तान्ह्या बाळांच्या झोळ्या टांगल्या गेल्या, याचा हिशेब कोण ठेवणार? कागदावर मात्र 'झाड एक' एवढीच नोंद झाली. कापायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी ओटीभर आकडे आणले, चिंच फोडली आणि चिंचोके फडक्यात बांधून ठेवले. त्यातल्याच एका चिंचोक्याचे झाड आज ओसरीसमोरच्या कट्ट्यावर मातीच्या परातीत उभे आहे. उंची दोन वीत, बुंधा खुरप्याच्या मुठीएवढा. पण लांबून पाहिले तर वाटावे, बांधावरची चिंचच कोणी उचलून आणून ठेवली!

यालाच बोन्साय म्हणतात. आपल्याकडे वामनवृक्ष असा छान शब्द आहे. 'बोन' म्हणजे तबक आणि 'साय' म्हणजे लावणे. ही कला मूळची चीनमधली, तिथून जपानात गेली आणि तिथे वाढली. जपानी घरांत अशी झाडे आजोबांकडून नातवाकडे येतात. हिरोशिमाजवळ यामाकी नावाच्या घराण्यात एक पाइन वृक्ष होता. तो १६२५ सालापासून कुंडीत वाढवलेला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा घराच्या कुंपणाच्या भिंतीआड तो वाचला. १९७६ साली त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. ज्यांनी बाँब टाकला त्यांनाच! आणि देताना बाँबची गोष्ट सांगितली नाही. ती २००१ साली घरातली नातवंडे झाड पाहायला गेली तेव्हा कळली.

आता आपल्या चिंचेकडे येऊ. सगळ्याच झाडांचे बोन्साय शोभत नाही. आंब्याचे पान लांबरुंद, दोन वितींच्या झाडावर ते शाल पांघरल्यासारखे दिसते. चिंचेची पानेच बारीक, साल लवकर खडबडीत होते, आणि छाटणीला झाड कुरकुर करत नाही. वड, पिंपळ, उंबरही चांगले. विहिरीच्या बांधकामात पिंपळ उगवतो आणि दगड फोडतो, तो तसाही काढावाच लागतो. मुळासकट निघाला तर कुंडीत लावून पाहा.

चिंचोके एक रात्र पाण्यात भिजवून जूनच्या सुरुवातीला लावावेत. आठ-दहा दिवसांत वर येतात. चिंचेचे सोटमूळ खोल जाते आणि उथळ भांड्यात तेच अडचणीचे. म्हणून रोप पहिल्यांदा काढाल तेव्हा सोटमूळ निम्मे कापा, आणि लावताना रोपाखाली मातीत कौलाचा किंवा फरशीचा तुकडा आडवा ठेवा. मुळे खाली न जाता चारी बाजूंना पसरतात. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बुंधा जाड हवा असेल तर रोप पहिली तीन-चार वर्षे जमिनीतच वाढू द्यावे. मी पहिले रोप घाईने कुंडीत लावले, ते आजही काडीसारखेच आहे.

छाटणीचे तंत्र आपल्याला नवे नाही, द्राक्षवाले शेतकरी तर हसतील. शेंडा खुडला की बाजूच्या डोळ्यांतून फुटवे येतात. हवा तो ठेवायचा, बाकीचे काढायचे. फुटवा वाढला की दोन-तीन पाने राखून पुन्हा खुडायचा. फांदी वाकवायची असेल तर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची मऊ तार तिरकी गुंडाळावी. आमच्याकडे जळालेल्या मोटरीतली तार होती, तीच दुहेरी करून वापरली. तार दोन-तीन महिन्यांत काढा. ती सालीत रुतली तर व्रण वर्षानुवर्षे जात नाही. काढतानाही उलगडू नका, पक्कडीने तुकडे करा.

माती म्हणाल तर नुसती काळी नको. ती पावसात चिकट होते आणि उन्हात भेगाळते. चाळलेला बारीक मुरूम दोन भाग, पोयट्याची माती एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत एक भाग, असे मिश्रण आम्ही वापरतो. कुंभाराकडून चार-पाच बोटे खोल परात भाजून घ्या, तळाला दोन मोठी भोके ठेवायला सांगा. लोखंडी घमेले उन्हात तापते, मुळे भाजतात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी हवे. एक दिवस लग्नाला गेलात आणि शेजारणीला सांगायचे राहिले, तर झाड गेले समजा. युरियाचा मोह नको, निंबोळी पेंड मूठभर पुरते. दर दोन वर्षांनी पावसाच्या तोंडावर झाड काढून तिसरा हिस्सा मुळे कापावीत आणि माती बदलावी. आणि हे झाड उन्हातले आहे. दिवाणखान्यात टीव्हीवर ठेवले की महिन्याभरात पिवळे पडते.

सासूबाईंना आधी हे पटले नव्हते. "लेकराला उपाशी ठेवून बुटकं करायचं, ही कसली हौस?" असे त्या म्हणत. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. पण झाड उपाशी नसते. बांधावरच्या झाडाला कोणी दोन वेळा पाणी विचारत नाही. आता उन्हाळ्यात पहिला तांब्या त्याच घालतात. दिवेलागणीला चिंच पाने मिटते, तेव्हा नातीला बोलावून दाखवतात.

यातून पैसा मिळतो का, असे पुष्कळजण विचारतात. शहरात जुनी झाडे चांगल्या किमतीला जातात, हे खरे. पण जुनी. आज लावून दोन वर्षांत उत्पन्न सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

तयार बुंधा हवा असेल तर बांधावर नजर टाका. चिंचेचे जे रोप वर्षानुवर्षे शेळ्या कुरतडतात ते उंच होत नाही, पण बुडाशी जाड आणि पिळदार होते. शेळीच पहिली बोन्सायवाली! आपल्याच बांधावरचे रोप असेल तर पावसाची झड लागल्यावर मातीच्या गड्ड्यासकट काढा आणि महिना-दीड महिना सावलीत ठेवा. पाने गळाली तरी घाबरू नका. वनखात्याच्या हद्दीतले मात्र परवानगीशिवाय उपटायचे नाही.

उरलेल्या रोपांपैकी तीन आम्ही नव्या बांधावर लावली. त्यांना कात्री लावायची नाही, असे घरात ठरले आहे. दोन माझ्या डोक्यावर गेली. तिसरे शेळ्यांनी खाऊन खाऊन गुडघ्याएवढेच राहिले. ते येत्या मृगात काढायचे आहे. परात कुंभाराकडे सांगून ठेवली आहे.