सूर्य उगवत नाही तेव्हा

अंटार्क्टिकावर वर्षभर राहायचं, तर सगळ्यांत जड जात असेल ती थंडी, असं आपल्याला वाटतं. पण थंडीला उबदार कपडे आणि गरम खोल्या असतात. अंधाराचं काय? १९८९ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या 'मैत्री' केंद्रावर हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवतच नाही.

आपल्या शरीरातलं घड्याळ सरासरी चोवीस तासांहून किंचित हळू चालतं. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला, की ते रोज जुळवलं जातं. उजेडच नसला, तर झोपेची वेळ सांगणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागतं. मग रात्री झोप येत नाही आणि कामाच्या वेळी डुलक्या येतात. ब्रिटनच्या हॅली केंद्रावर सकाळ-संध्याकाळ तासभर प्रखर दिव्यांचा उजेड दिला, तेव्हा हा उशीर कमी झाल्याचं १९८७ साली प्रसिद्ध झालं.

वर्गात विचारून पाहूया: सकाळ झाली, हे आपल्या शरीराला कोण सांगतं?