तेरा जन्मांचा हिशेब

मालिकेतला मुख्य नट बदलला की आपल्याकडे पडद्यावर एक पट्टी सरकते: यापुढे ही भूमिका अमुक करतील. फारच लाज वाटली तर अपघात आणि प्लास्टिक सर्जरी. बीबीसीच्या 'डॉक्टर हू'वर ही वेळ १९६६ मध्येच आली. १९६३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली मालिका जेमतेम तीन वर्षांची, आणि विल्यम हार्टनेलला तब्येत साथ देईना. नायक मुळात परग्रहावरचा. तेव्हा शरीर थकलं की तो नव्या देहात उगवतो, असं ठरवून टाकलं आणि पॅट्रिक ट्राउटन डॉक्टर झाला.

हे पचलं, कारण नायकाबद्दल तोवर फारसं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या जमातीला 'टाइम लॉर्ड' हे नाव मिळालं १९६९ मध्ये. रूपबदलाला 'रीजनरेशन' म्हणायला १९७४ उजाडलं. झाकली मूठ होती.

ती उघडली १९७६ मध्ये. 'द डेडली असॅसिन' लिहिताना रॉबर्ट होम्सने नियम घातला: रीजनरेशन बाराच वेळा, म्हणजे जन्म तेरा. तेव्हा चौथा डॉक्टर, टॉम बेकर, ऐन भरात होता. तेराव्याची काळजी कोण करतो!

ऐंशीच्या दशकात मालिका स्वतःच्याच आठवणींत रमली. १९८५ चं 'अटॅक ऑफ द सायबरमेन' नीट कळायला साठच्या दशकातल्या ज्या कथा माहीत हव्यात, त्यांतली एक तेव्हा बीबीसीकडेही शिल्लक नव्हती. १९८९ मध्ये मालिका थांबली.

२००५ मध्ये रसेल टी. डेव्हिसने ती पुन्हा उभी केली ती दुकानात काम करणाऱ्या रोझच्या नजरेतून. डॉक्टरचा अख्खा ग्रह पडद्याआड झालेल्या युद्धात संपलेला. जुन्यांना हळहळायला जागा, नव्यांना गृहपाठ नाही. मला ही साठ वर्षांतली सर्वांत हुशार खेळी वाटते.

होम्सची उधारी मात्र राहिली होती. २०१३ मध्ये मालिकेचा तेव्हाचा मुख्य लेखक स्टीव्हन मॉफटने जॉन हर्टचा एक दडवलेला डॉक्टर मोजला, डेव्हिड टेनंटचं अर्धवट राहिलेलं रीजनरेशनही मोजलं आणि मॅट स्मिथवर तेरा भरले. मग युद्धातून वाचल्याचं निघालेल्या टाइम लॉर्डनी नवे जन्म बहाल केले. नियम विसरल्याचं सोंग त्याने आणलं नाही, हे मला आवडलं.

२०२० मध्ये त्याच्या जागी आलेल्या ख्रिस चिबनलने हार्टनेलच्याही आधी डॉक्टरची अगणित रूपं होती असं दाखवलं. जुन्याशी विसंगत म्हणून चाहते चिडले. माझी तक्रार वेगळी आहे: इतकं सांगायचंच कशाला?

या सगळ्यात टार्डिस, म्हणजे डॉक्टरचं यान, तेवढं तसंच राहिलं. ते पोलिसांना फोन करायच्या निळ्या खोक्यासारखं दिसतं. १९६३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर अशी खोकी होती, त्यामुळे यानाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही अशी ती योजना. पुढे खरी खोकी जवळपास नाहीशी झाली. आता कुठे एखादं दिसलं, तर लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात.