आधी दोर, मग करवत: झाडछाटणीच्या धंद्यातलं खरं भांडवल



मे महिना लागला की माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येतं. "दादा, झाडं छाटायचा धंदा सुरू करतोय, चांगल्यातली चेनसॉ दाखवा." पावसाळ्याआधी सोसायट्या, बंगले, शाळा, सगळ्यांनाच फांद्या उतरवून हव्या असतात. काम आहे, पैसाही आहे. पण आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी पंचविशीतला एक मुलगा आला. मशीन घेतलं. मी हार्नेस आणि हेल्मेट दाखवलं, तर म्हणाला, "पहिल्या दोन कामांचे पैसे आले की घेतो." गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून मी गप्प बसलो. तिसऱ्या आठवड्यात तो गुलमोहरावर चढला, कमरेला साधी नायलॉनची दोरी बांधून. फांदी तुटली, मशीन झेपावलं, चेन दोरीला लागली. दोरी एकच होती. टाचेचं हाड मोडलं आणि सहा महिने घरी बसला. मशीन त्याने मलाच परत विकलं. ते हातात घेतल्यावर कळलं, चेन पार बोथट होती.

म्हणजे चूक एक नव्हती, दोन होत्या. बोथट चेनला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की फांदी सुटताच मशीनवरचा ताबा जातो. धार आणि दोर, या धंद्यात दोन्ही एकत्रच सांभाळावे लागतात.

मशीन: रोजची पंधरा मिनिटं

धार कशी ओळखायची? खाली काय पडतंय ते बघा. ढलप्या पडत असतील तर चेन धारदार. बारीक भुसा पडत असेल तर थांबा. गोल कानस घ्या, तीसुद्धा तुमच्या चेनच्या मापाची. ४.०, ४.८ किंवा ५.२ मिमी यातली कोणती लागते ते मशीनच्या पुस्तकात असतं. बहुतेक चेनना ३० अंशांचा कोन लागतो. कानस एकाच दिशेने चालवा आणि प्रत्येक दाताला सारखेच हात द्या. दात कमी-जास्त झाले की मशीन एका बाजूला ओढतं. दर तीन-चार धारांनंतर दातापुढचा छोटा उंचवटा गेज लावून तपासा.

चेनचा ताण मशीन थंड असताना बघा. चेन बारला खालून टेकलेली हवी आणि हाताने सहज सरकली पाहिजे. बार अधूनमधून उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. एअर फिल्टर रोज झटका.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल पुस्तकात दिलंय तेवढंच घाला. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. चेनचं ऑइल वेगळं. पेट्रोलची टाकी संपली आणि चेन ऑइलची टाकी भरलेलीच राहिली, तर ऑइल चेनपर्यंत पोचतच नाहीये. आणि झाडावर नेण्याआधी, जमिनीवरच चेन ब्रेक लागतो का ते बघा. लागत नसेल तर त्या दिवशी ते मशीन वर जाणार नाही, विषय संपला.

चढायचं सामान: इथे घासाघीस नको

बांधकामावरचा नुसता कमरेचा पट्टा चालत नाही. मांड्यांना आधार देणारा, झाडावर कामासाठी बनवलेला हार्नेस घ्या. दोर कमी ताणणारा, चढाईसाठीचा. कॅराबिनर आपोआप लॉक होणारा. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच, नाहीतर गरजेच्या वेळीच ते निघून पडेल.

कापताना दोन ठिकाणी बांधलेले असा. एक मुख्य दोर, वरच्या मजबूत बेचक्यातून घेतलेला. दुसरा खोडाभोवतीचा लॅनयार्ड, शक्यतो आत स्टीलची तार असलेला. तार असली तरी चेन त्याला लागू द्यायची नाही. मशीन दोन्ही हातांनी धरा, खांद्याच्या वर नेऊ नका आणि बारच्या टोकाने कापू नका. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन तोंडावर उसळतं.

रोज सकाळी दोर हातातून पूर्ण सरकवून बघा. कुठे मऊ, कडक किंवा कापलेला लागला तर तो बाद. टेम्पोत पेट्रोलचा कॅन आणि बॅटरी यांच्याजवळ दोर टाकू नका. खाली एक माणूस हवाच, आणि वेळ आली तर वर चढून तुम्हाला उतरवू शकेल असा हवा. जवळ विजेच्या तारा असतील तर आधी महावितरणकडून लाइन बंद करून घ्या.

आता हिशोब

समजा, चढायच्या सामानाला ३५,००० रुपये लागले. वर्षाला १०० दिवस काम आणि दोन वर्षं वापर धरला, तर दिवसाला १७५ रुपये. दोन माणसांच्या चहा-नाश्त्याएवढा खर्च! तो कोटेशनमध्ये धरा. "शेजारचा कमी घेतो" असं गिऱ्हाईक म्हणालं, तर त्याला तुमचा हार्नेस दाखवा आणि विचारा, "तुमच्या आवारात माणूस पडला तर?" सोसायटीच्या सेक्रेटरीला हा प्रश्न बरोबर कळतो.

शहरात झाडाला हात लावण्याआधी परवानगीचा कागदही मागा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे विनापरवाना तोड हा गुन्हा आहे. छाटणी असली तरी पालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारा.

आणि सगळं घ्यायला पैसे पुरत नसतील तर? मग मशीन घ्या, पण झाडावर चढू नका. पडलेली झाडं, ओंडके, जळाऊ लाकूड, अशी जमिनीवरची कामं घ्या. तिथेही हेल्मेट, गॉगल, बूट आणि चेनसॉची जाड पँट लागतेच. त्या पैशातून दोर आणि हार्नेस घ्या, कुणाकडून तरी नीट शिका, मग वर जा.

आता माझ्या दुकानात चढणाऱ्या माणसाला मी आधी विचारतो, "दोर कुठाय?" उत्तर नसेल तर मशीन कपाटातच राहतं. दोन-चार गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. जाऊ देत. तो मुलगा अजून लंगडत दुकानात येतो, चहा घेतो. माझी एक विक्री त्याला केवढ्याला पडली, हे मला तेव्हा रोज आठवतं.

तुम्ही धंदा जरूर करा. पण संध्याकाळी स्वतःच्या पायांनी खाली उतरा. बाकीचा नफा त्यानंतर मोजू.